सैतानाला दिलेलं श्रेय परत घ्या

रॉबर्ट जॉन्सन हा १९३० च्या दशकातला मिसिसिपीचा काळा गिटारवादक, ब्लूज नावाचं काळ्या लोकांचं गाणं गाणारा. त्याचं नाव निघालं की पुढचा वाद ठरलेला असतो. एक गट सांगतो की मिसिसिपीतल्या कुठल्याशा चौरस्त्यावर मध्यरात्री या माणसाने सैतानाला आत्मा विकला, बदल्यात सैतानाने त्याची गिटार लावून दिली, आणि म्हणून ते गाणं ऐकताना अंगावर काटा येतो. दुसरा गट म्हणतो हे थोतांड आहे, इथपर्यंत ठीक, पण तो तिथे थांबत नाही. पुढे म्हणतो की जॉन्सन त्याच्या काळात फारसा कुणाला माहीतसुद्धा नव्हता, रेकॉर्ड्स खपल्या नाहीत, साठच्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतल्या गोऱ्या पोरांनी त्याला देव्हाऱ्यात बसवलं, एरवी तो दुसऱ्यांच्या रेकॉर्ड्स ऐकून उचलाउचली करणारा एक बरा वादक होता. वर्षानुवर्षं हेच चाललंय आणि मला वाटतं दोन्ही बाजू एकाच जागी चुकतायत. दोघंही त्या तबकड्यांना त्या माणसाचा पूर्ण हिशोब समजतात, एकाला त्यात आत्मा दिसतो आणि दुसऱ्याला विक्रीचा आकडा. मला त्यात काम दिसतं. कुणाकडून तरी शिकून, रात्र रात्र घासून तयार केलेलं काम, जे दुसऱ्याच्या मशीनवर, दुसऱ्याच्या मागणीनुसार, तीन मिनिटांत बसवून दिलंय. हे एकदा डोक्यात पक्कं केलं की सैतानही लागत नाही आणि खपाचा तक्ताही लागत नाही, आणि ज्यावर खरंच भांडायला हवं तो प्रश्न समोर येतो, की या मेहनतीचं श्रेय आणि पैसा शेवटी गेला कुणाकडे.

आधी पहिल्या गटाचं जे बरोबर आहे ते मान्य करतो, कारण ते स्वतःसुद्धा ते नीट मांडत नाहीत. सैतान हा काही गोऱ्या लेखकांनी बाहेरून आणून चिकटवलेला नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये ब्लूजला सैतानाचं संगीत म्हणायचे आणि ते मनापासून म्हणायचे. सन हाऊस हा मिसिसिपीतला ब्लूज गायक आधी धर्मोपदेशक होता, मग गिटारकडे वळला आणि ती ओढाताण त्याच्या गाण्यात आयुष्यभर राहिली. तिथलाच दुसरा गायक स्किप जेम्स, त्याचा बाप पाद्री, आणि १९३१ नंतर तो स्वतःही ब्लूज सोडून त्याच वाटेने गेला. जॉन्सनची पहिली बायको १९३० साली बाळंतपणात गेली, पोरगी सोळा वर्षांची होती, बाळही गेलं, आणि नात्यातल्या काहींनी त्याचा दोष त्याच्या गाण्याला दिला असं सांगतात. चौरस्त्याची गोष्टही मुळात काळ्या लोकांमधलीच, फक्त ती दुसऱ्याची, टॉमी जॉन्सनची. हा वेगळा वादक, रॉबर्टशी नातं काही नाही. टॉमीच्या भावाने ती अभ्यासकांना सांगितली, की मध्यरात्रीच्या आधी चौरस्त्यावर जाऊन बसायचं, एक मोठा काळा माणूस येतो, गिटार घेतो, लावतो, एक तुकडा वाजवतो आणि परत देतो. काही अभ्यासक याचं मूळ पश्चिम आफ्रिकेतल्या चौरस्त्यावरच्या देवतेपर्यंत नेतात आणि त्यात तथ्य असू शकतं. म्हणजे श्रद्धा खरी होती, भीती खरी होती, हे सगळं मान्य.

पण श्रद्धा खरी होती म्हणून ती गाण्याचं कारण ठरते का? सेंट लुईसमध्ये पीटी व्हीटस्ट्रॉ नावाचा गायक स्वतःला सैतानाचा जावई म्हणवून घ्यायचा आणि रेकॉर्डच्या लेबलवर ते छापूनही यायचं, दीडशेच्या वर गाणी केली त्याने, चांगला खप होता. त्याच्याबद्दल कुणी अशी दंतकथा रचत बसलं नाही, कारण सगळ्यांना कळत होतं की हे पोस्टर आहे, लोकांना थरार पाहिजे आणि हा तो देतोय. जॉन्सनने एकूण २९ गाणी रेकॉर्ड केली. त्यातल्या मोजक्याच गाण्यांत सैतान किंवा नरकाचा कुत्रा येतो. बाकी गाण्यांत बाई आहे, रेल्वे आहे, दारू आहे, टेराप्लेन नावाची मोटार आहे आणि एका गाण्यात तर गरम टमाले विकणारी बाई आहे, जे नाचायचंच गाणं आहे. हे सगळं बाजूला सारून तीन-चार गाण्यांवरून माणसाचं चरित्र लिहायचं असेल तर मग कुठल्याही गायकाचं काहीही सिद्ध करता येईल.

आता ती गिटार कशी आली ते बघू. सन हाऊसने नंतर सांगितलं की १९३० च्या सुमारास रॉबिन्सनव्हिलमध्ये हा पोरगा मध्यांतरात त्याची आणि त्याचा साथीदार विली ब्राऊनची गिटार उचलून वाजवायचा आणि लोक वैतागायचे, म्हणायचे त्याच्या हातातून ती काढून घ्या. मग पोरगा गायब झाला आणि परत आला तेव्हा असं वाजवलं की हाऊस आणि विली ब्राऊन बघतच राहिले. दंतकथेला लागतं ते एवढंच, मधला काळ ती गिळून टाकते. पण मधल्या काळात तो कुठे होता हे आता चांगलं माहीत आहे. तो जन्मगावी, हेझलहर्स्टला गेला होता, खऱ्या बापाच्या शोधात, आणि तिथे त्याला आयक झिमरमन भेटला. हा झिमरमन रस्त्याच्या कामावर होता, गिटार उत्तम वाजवायचा, आणि त्याने जॉन्सनला घरी ठेवून घेतलं आणि शिकवलं. रात्री दोघं जवळच्या दफनभूमीत जाऊन थडग्यांवर बसून वाजवायचे. झिमरमनच्या मुलीने त्याचं कारण अगदी सरळ सांगितलंय, तिथे शांतता असायची आणि कुणाची झोपमोड व्हायची नाही. घरात लहान पोरं, सकाळी कामावर जायचं, भिंती लाकडाच्या. आपल्याकडे गुरूच्या घरी राहून शिकणं म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, पहाटेचा खर्ज किती वर्षं लावावा लागतो हेही नाही. मग मिसिसिपीतल्या वीस वर्षांच्या पोराला वर्षभर किंवा त्याहून जास्त गुरूकडे राहून वादन आलं, यावर विश्वास ठेवायला एवढं जड का जातं? मला याचं एकच उत्तर दिसतं आणि ते कटू आहे. काळ्या, गरीब, कमी शिकलेल्या माणसाला अभ्यास, शिस्त, योजना असू शकते हे ऐकणाऱ्याला पटत नाही, त्याला काहीतरी अद्भुत झालं असणार हे मात्र लगेच पटतं. ही दंतकथा वरवर स्तुती वाटते, पण झिमरमनचं नाव पुसते आणि जॉन्सनच्या त्या रात्रीही पुसते.

आणि ज्या गाण्यावर ही सगळी इमारत उभी आहे ते चौरस्त्याचं गाणं लक्ष देऊन ऐका. त्यात सैतान नाहीच. गाणारा चौरस्त्यावर गुडघे टेकतो आणि देवाकडे दया मागतो. मग गाडीला हात करतो, कुणी थांबत नाही, कुणी ओळखीचं नाही, आणि सूर्य मावळत चाललाय. १९३६ च्या मिसिसिपीत परक्या गावात एकटा काळा माणूस सूर्य मावळताना रस्त्यावर अडकणं म्हणजे काय होतं? काम न करता फिरतोय म्हणून पोलीस उचलू शकत होते, आणि मग पार्चमनच्या तुरुंगी शेतावर कापूस वेचायला रवानगी. सन हाऊस पार्चमनमध्ये होता, बुका व्हाइट होता. काही गावांत तर अंधार पडल्यावर काळ्या माणसाने दिसायचंच नाही असा दंडक होता. ज्याला ही भीती माहीत आहे त्याला त्या गाण्यातली घाई समजायला दुसरं काही लागत नाही. सैतान मध्ये आणला की शेरीफ सुटतो, तुरुंग सुटतो, आख्खी व्यवस्था सुटते आणि आपल्याला मस्त गूढ वातावरण मिळतं. जॉन्सन १६ ऑगस्ट १९३८ ला ग्रीनवुडजवळ वारला, वय २७. कुण्या बाईच्या नवऱ्याने त्याला विष घातलं असं सांगतात, आणि ते कुणी घातलं यावर रकानेच्या रकाने लिहिले गेलेत. तीस वर्षांनी त्याचा मृत्यूचा दाखला सापडला आणि त्यावर मृत्यूच्या कारणाच्या जागी लिहिलं होतं की डॉक्टर नव्हता. मला विषाच्या कथेपेक्षा हे दोन शब्द जास्त गंभीर वाटतात.

आता दुसऱ्या गटाकडे येतो, आणि त्यांचं म्हणणं जास्त वजनदार आहे हे आधीच सांगतो. त्यांचं म्हणणं असं, की त्या काळच्या काळ्या ग्राहकाला विचारा. त्याला लिरॉय कार पाहिजे होता, इंडियानापोलिसचा पियानोवाला, ज्याच्या १९२८ च्या एका रेकॉर्डने आख्खी शैली बदलली. त्याला लॉनी जॉन्सन पाहिजे होता, जो १९२५ पासून ओके कंपनीसाठी रेकॉर्ड करत होता, लुई आर्मस्ट्राँगबरोबर वाजवला, ड्यूक एलिंग्टनबरोबर वाजवला. त्याला कोकोमो अर्नोल्ड आणि मेम्फिस मिनी पाहिजे होते. रॉबर्ट जॉन्सनची एकच रेकॉर्ड बऱ्यापैकी गेली, ती मोटारीवरची, आणि तीही काही हजार. १९६१ साली कोलंबिया कंपनीने त्याची गाणी एलपीवर काढली तेव्हा ती ऐकणारे बहुतेक गोरे, शहरी, कॉलेजवाले होते, त्यांना एकटा, खेड्यातला, दुःखी माणूस पाहिजे होता आणि त्यांनी तो निवडला. सूटबूट घालून बॅलड गाणारा लॉनी जॉन्सन त्यांना चालत नव्हता, तो बिचारा १९५९ च्या सुमारास फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात साफसफाईचं काम करत होता. हे सगळं खरं आहे. याच्यात मी एक अक्षर नाकारत नाही.

पण यातून जो निष्कर्ष काढला जातो तो मला मान्य नाही. खप हे मोजमाप तेव्हाच चालतं जेव्हा बाजार चालू असतो. अमेरिकेत १९२७ साली दहा कोटींच्या आसपास रेकॉर्ड्स विकल्या जात होत्या आणि १९३२ साली तो आकडा साठ लाखांच्या आसपास आला. एका रेकॉर्डची किंमत ७५ सेंट आणि कापसाचा भाव पडलेला. स्किप जेम्सने फेब्रुवारी १९३१ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला जाऊन पॅरामाउंट या रेकॉर्ड कंपनीसाठी जी गाणी केली, ती बरोबर या खड्ड्यात पडली. त्याच्या गावाचं, बेंटोनियाचं, ते वेगळंच मायनर सुरात लावलेलं ट्यूनिंग, तो वरच्या पट्टीतला आवाज, त्या वेळी जवळजवळ कुणी विकतच घेतलं नाही, पुढच्याच वर्षी कंपनीने रेकॉर्डिंग बंद केलं. मग काय म्हणायचं, की जेम्स लोकांना आवडला नाही? लोकांच्या हातात पैसे नव्हते एवढंच त्यावरून कळतं.

शिवाय संगीतात दुसरा एक बाजार असतो, वादकांचा. तिथे कुणाचं काय चालतं ते बघायला पाहिजे. जॉन्सन हेलेना, आर्कान्सामध्ये ज्या बाईबरोबर राहायचा तिचा मुलगा रॉबर्ट लॉकवुड, त्याला जॉन्सनने स्वतः शिकवलं, हा लॉकवुड पुढे हेलेनाच्या रेडिओवर वाजवायला लागला, आणि बी. बी. किंगच्या सुरुवातीच्या काळात त्याच्याबरोबरही वाजवला. ऑगस्ट १९४१ मध्ये अॅलन लोमॅक्स लोकगीतं गोळा करत रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन मिसिसिपीतल्या स्टोव्हॉलच्या मळ्यावर गेला तेव्हा तिथे ट्रॅक्टर चालवणाऱ्या, पुढे शिकागोत मोठं नाव झालेल्या मडी वॉटर्सने त्याला सांगितलं की मी सन हाऊसकडून शिकलो आणि जॉन्सनची रेकॉर्ड ऐकलीये. १९५१ साली जॅक्सनमध्ये एल्मोर जेम्सने जॉन्सनचंच एक गाणं इलेक्ट्रिक गिटारवर स्लाइड, म्हणजे तारांवर सरकवायची नळी, लावून रेकॉर्ड केलं आणि ते काळ्या ग्राहकांच्या जोरावर चार्टवर गेलं. ज्या फॅरिश स्ट्रीटवरच्या दुकानातून हे निघालं त्याच रस्त्यावर वीस वर्षांपूर्वी रेकॉर्ड कंपन्यांसाठी गायक हेरणाऱ्या एच. सी. स्पीअरचं दुकान होतं, आणि चार्ली पॅटन, स्किप जेम्स, टॉमी जॉन्सन हे सगळे त्याच दुकानाच्या वाटेने रेकॉर्ड कंपन्यांपर्यंत पोचले होते, रॉबर्ट जॉन्सनसुद्धा. १९५१ मध्ये लंडनची कुठली पोरं हे ऐकत होती? एकही नाही. मग ‘गोऱ्यांनी शोध लावला’ हे वाक्य काळ्या वादकांची ही आख्खी साखळी पुसून टाकतं, आणि ते काळ्या लोकांच्या बाजूने बोलतोय असं समजून पुसतं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

उचलाउचलीचा आरोप राहिला. हो, उचललं. लॉनी जॉन्सनची ढब एक-दोन गाण्यांत सरळ घेतली, लिरॉय कारच्या एका गाण्याचा सांगाडा घेऊन त्यावर स्वतःचं विरहगीत बसवलं, कोकोमो अर्नोल्डकडून ओळी घेतल्या. पण कशात बसवलं ते बघा. कारकडे पियानो होता आणि शेजारी गिटारला स्क्रॅपर ब्लॅकवेल, म्हणजे दोन माणसं. जॉन्सनने पियानोच्या डाव्या हाताची ती चालती लय अंगठ्याखालच्या जाड तारांवर आणली, ब्लॅकवेलचे वरचे तुकडे उरलेल्या बोटांना दिले आणि त्यावर गायला. दोघांचं काम एकट्याने, तेही कुठेही लय न सोडता. पुढे शिकागोमध्ये इलेक्ट्रिक गिटारवर जे झालं त्यातला मोठा भाग इथून निघतो. त्याच्या बऱ्याच गाण्यांचे दोन टेक उपलब्ध आहेत आणि ते शेजारी शेजारी ठेवून ऐकले की कळतं, गिटारचे तुकडे बहुतेक त्याच जागी, कडवी जवळजवळ त्याच क्रमाने, सुरुवात आणि शेवट आधीच ठरलेले. सन हाऊस गायचा तेव्हा कडवी सुचतील तशी यायची, गाणं रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंवर वाहत जायचं. जॉन्सन तीन मिनिटांत बसेल असं गाणं घडवून स्टुडिओत आला होता. हा रेकॉर्ड ऐकत वाढलेल्या पिढीचा वादक आहे, त्याला माध्यम कळत होतं. त्याला अंगात संचार झालेला माणूस म्हणणं जितकं चूक तितकंच नक्कल करणारा म्हणणं चूक.

इथे मला त्या धंद्याबद्दल थोडं सविस्तर बोलायचंय, कारण दोन्ही गट तो विसरतात. पॅरामाउंट ही रेकॉर्ड कंपनी म्हणून जन्मलीच नव्हती. विस्कॉन्सिन चेअर कंपनी, फर्निचर बनवणारे लोक, फोनोग्राफची लाकडी कपाटं बनवायला लागले आणि कपाट खपायला रेकॉर्ड लागते म्हणून रेकॉर्ड काढायला लागले. १९२० मध्ये ओकेने मेमी स्मिथची रेकॉर्ड काढली आणि ती तुफान चालली, तेव्हा कळलं की काळा ग्राहक पैसे देतो, मग सगळ्यांनी वेगळ्या ‘रेस’ मालिका काढल्या, वेगळे नंबर, वेगळी जाहिरात, शिकागो डिफेंडर या काळ्या लोकांच्या वर्तमानपत्रात चित्रं. गोऱ्यांच्या खेड्यातल्या संगीताची वेगळी मालिका. आता गंमत बघा, प्रत्यक्षात मिसिसिपीत काळे आणि गोरे वादक एकमेकांची गाणी वाजवत होते. चॅटमन कुटुंबाचा मिसिसिपी शीक्स हा फिडल आणि गिटारचा ग्रुप गोऱ्यांच्या नाचांना वाजवायचा. मिसिसिपी जॉन हर्ट या काळ्या गायक-गिटारवादकाचं नाव ओके कंपनीला सुचवलं ते एका गोऱ्या फिडलवाल्याने, ज्याच्याबरोबर हर्ट वाजवत असे. पण स्टुडिओत काळा माणूस आला की त्याच्याकडे मागणी ब्लूजची. फिडल नको, वॉल्ट्झ नको, गोऱ्यांसारखी गाणी नकोत, आणि ब्लूजसुद्धा स्वतःचा पाहिजे, आधी कुणी न केलेला, म्हणजे हक्काची भानगड नको. जॉन्सनबरोबर फिरलेल्या जॉनी शाइन्सने सांगितलंय की तो रेडिओवर एकदा ऐकलेलं काहीही वाजवायचा, पोल्का, सिनेमातली गाणी, काहीही, रस्त्यावर उभं राहून जे मागतील ते. मडी वॉटर्सच्या गाण्यांच्या यादीत जीन ऑट्रीची काउबॉय गाणी होती. यातलं किती रेकॉर्डवर आलं? मग तबकड्यांवरून यांना ‘फक्त दुःख गाणारे’ ठरवणं म्हणजे कंपनीच्या कॅटलॉगला त्यांचं मन समजणं झालं.

मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन मिनिटांच्या तबकड्या याच काळातल्या, याच तंत्राच्या. आपण त्या जिवापाड जपतो, पण त्यांच्या मैफिली तेवढ्याच असायच्या असं कधी म्हणत नाही, तीन मिनिटांत काय मावलं आणि काय बाहेर राहिलं याची जाण ठेवून ऐकतो. डेल्टातल्या, म्हणजे मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातल्या, वादकांना तेवढाच मान द्यावा, यात मी काही जास्त मागत नाहीये.

आणि मागणी फक्त कंपनीचीच नव्हती, संशोधकाचीही होती, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९४० साली अटलांटातल्या एका हॉटेलच्या खोलीत अॅलनचा बाप जॉन लोमॅक्स याने ब्लाइंड विली मॅकटेलचं रेकॉर्डिंग केलं, लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी. मॅकटेल म्हणजे बारा तारांची गिटार, स्वच्छ उच्चार, आणि धंद्यात मुरलेला माणूस. व्हिक्टरसाठी एक नाव, कोलंबियासाठी ब्लाइंड सॅमी, ओकेसाठी जॉर्जिया बिल, करार चुकवून प्रत्येक कंपनीला माल देणारा. लोमॅक्स त्याला विचारतो, काळ्या लोकांच्या हालअपेष्टांची, तक्रारीची गाणी येतात का? मॅकटेल सांगतो, नाही, आता तशी नाहीत. लोमॅक्स पुन्हा विचारतो, मॅकटेल पुन्हा टाळतो. आवाजात अवघडलेपण इतकं आहे की लोमॅक्स विचारतो, तू अस्वस्थ का दिसतोस. १९४० चं जॉर्जिया, समोर अनोळखी गोरा माणूस, चालू मशीन, आणि प्रश्न असा. काय उत्तर द्यावं आंधळ्या माणसाने? त्याने रॅगटाइम दिलं, भजनं दिली, जुनी कथागीतं दिली, जे द्यायचं नव्हतं ते दिलं नाही. ही रेकॉर्डिंग्ज ऐकताना मला वाटतं की अख्ख्या ब्लूजच्या इतिहासात कलाकार आणि घेणारा यांच्यातला व्यवहार इतका उघडा दुसरीकडे कुठे ऐकू येत नाही.

यावर एक आक्षेप मला पटतो आणि तो टाळता येत नाही. म्हणतात, तुम्ही जुन्या रेकॉर्ड्स जमवणाऱ्या लोकांना नावं ठेवता, पण त्यांनी घरोघर फिरून त्या तबकड्या गोळा केल्या नसत्या तर हे संगीत उरलंच नसतं. बरोबर आहे. पॅरामाउंटचे धातूचे साचे भंगारात गेले. गीशी वायली आणि एल. व्ही. थॉमस या दोन बायकांनी १९३० मध्ये ग्राफ्टनला केलेल्या रेकॉर्ड्सच्या हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच प्रती उरल्यात, आणि त्या कुणातरी वेड्या माणसाने जपल्या म्हणून आपण ऐकतो. १९६३ मध्ये हर्टच्या १९२८ च्या गाण्यात गावाचं नाव ऐकून टॉम हॉस्किन्स नावाचा असाच एक रेकॉर्डवेडा अॅव्हलॉनला गेला आणि हर्ट तिथेच, शेतात काम करत होता, म्हणून तर त्याला शेवटची तीन वर्षं श्रोते मिळाले. त्यांचे उपकार आहेत, त्यात कमी-जास्त करायचं नाही. पण उपकार मान्य करूनही त्यांच्या आवडीला इतिहास म्हणायची गरज नाही. १९६४ मध्ये सन हाऊस रॉचेस्टरला सापडला तेव्हा त्याने कित्येक वर्षं गिटार हातात धरली नव्हती. अॅल विल्सन नावाच्या विशीतल्या गोऱ्या मुलाने त्याच्यासमोर बसून, १९३० मध्ये तुम्ही हे असं वाजवत होतात, १९४२ मध्ये असं, असं करत त्याचीच गाणी त्याला परत शिकवली. पुढच्या वर्षीचं हाऊसचं गाणं अफाट आहे, मी ते कितीही वेळा ऐकू शकतो. तरीही विचारावंसं वाटतं, की साठी ओलांडलेल्या त्या माणसाला १९६४ मध्ये काय वाजवायचं होतं हे कुणी विचारलं का? रेकॉर्ड मूळ झाली आणि माणूस तिची प्रत झाला, हे कौतुकाने सांगितलं जातं, मला त्यात अन्यायही दिसतो.

म्हणून मी पैशाच्या प्रश्नावर येतो. संगीताच्या चर्चेत पैसा कशाला असं म्हणणारे खूप आहेत, पण या वादकांसाठी तो विषय बाहेरचा नव्हताच, पोटासाठीच वाजवत होते. रेकॉर्डिंगचे ठरलेले पैसे एकदा हातावर, रॉयल्टी सहसा नाही. ब्लाइंड लेमन जेफरसनच्या नावावर पॅरामाउंटने बक्कळ कमावलं, शंभराच्या आसपास गाणी, आणि आपलं थडगं नीट ठेवा असं गाणाऱ्या त्या माणसाच्या टेक्सासमधल्या थडग्यावर १९६७ पर्यंत खूण नव्हती. जॉन्सनचं प्रेमभंगाचं एक गाणं १९६९ मध्ये रोलिंग स्टोन्सने घेतलं तेव्हा श्रेयाच्या जागी भलतंच नाव छापलं होतं, आणि ती गाणी कुणाच्याच मालकीची नाहीत हा दावा अमेरिकन कोर्टाने २००० साली फेटाळला. १९९० चा संपूर्ण संच लाखांनी खपला. त्याचा मुलगा क्लॉड जॉन्सन मिसिसिपीत खडी वाहणारा ट्रक चालवत होता, आणि वारस म्हणून शिक्कामोर्तब व्हायला त्याला २००० सालापर्यंत कोर्टात झगडावं लागलं. उलट उदाहरणही आहे. १९६६ मध्ये क्रीम या इंग्लिश बँडने स्किप जेम्सचं गाणं केलं आणि त्याचं नाव नीट दिलं, रॉयल्टी त्याच्यापर्यंत पोचली, कॅन्सरशी झगडणाऱ्या जेम्सच्या दवाखान्याच्या खर्चाला ती कामी आली. म्हणजे होऊ शकत होतं. नाव छापणं एवढंच करायचं होतं. आणि मला वाटतं दंतकथेचा इथे थेट हात आहे, कारण गाणं जर सैतानाकडून आलं, किंवा ‘लोकांमधून’ आपोआप उगवलं, तर रचणाऱ्याला पैसे द्यायचे कशाचे?

आता कुणी सुरुवात करत असेल तर त्याने रॉबर्ट जॉन्सनचा संच लगेच लावू नये असं मी सुचवेन. आधी लिरॉय कार आणि ब्लॅकवेलच्या दोन-तीन रेकॉर्ड्स ऐकाव्यात, मग लॉनी जॉन्सनची विसाच्या दशकातली गिटार, मग सन हाऊसची १९३० ची ग्राफ्टनची गाणी, त्यातली खरखर सहन करून. मग रॉबर्ट जॉन्सनची सॅन अँटोनियोत नोव्हेंबर १९३६ मध्ये रेकॉर्ड केलेली गाणी, आणि लगेच पाठोपाठ एल्मोर जेम्सची १९५१ ची रेकॉर्ड. या क्रमाने ऐकलं की त्याने कुणाकडून काय घेतलं, त्याचं काय केलं आणि ते पुढे कुणाला मिळालं हे कानांनाच कळतं, आणि मग वाद घालायचाच असेल तर तो अंगठ्याखालच्या त्या जाड तारांबद्दल घालता येतो.